शिसपेन्सिलीची गौर

“बुडवायची?” शर्वरीने विचारलं. तिच्या हातातली पेन्सिल कागदापासून बोटभर लांब थांबली होती. “आई, कोणाला बुडवायची?”

“गौरीला गो, आणखी कोणाला? तिसऱ्या दिवशी गणपतीबरोबर पऱ्यावर, खालच्या ओढ्यावर न्यायची आणि पाण्यात सोडायची,” मी भाकरी थापता थापता म्हटलं.

“ही?”

“हीच. दुसरी कुठे आहे?”

शर्वरी माझी सून. चुलीमागच्या भिंतीला तिने प्लायवुडची मोठी फळी उभी केली होती आणि तिच्यावर माणसाच्या उंचीचा कागद ताणून बसवला होता. चैत्रापासून ती त्याच्यावर आमच्या घरची गौर काढत होती, नुसत्या पेन्सिलीने. आषाढ अर्धा सरला तेव्हा पावलं, निऱ्या आणि हात एवढं झालं होतं. वरचा भाग धुराने काळा पडू नये म्हणून माझ्या जुन्या लुगड्याने झाकून ठेवला होता.

“आमच्याकडं नाही बुडवत,” ती सावकाश म्हणाली. “आमच्याकडं पितळेचे मुखवटे असतेत. पुसून परत पेटीत ठेवतेत. मला वाटलं, ही पण ठेवणार.”

आता काय म्हणायचं! आमच्या आळीत रांगत्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की आमची गौर कागदाची आणि ती पाण्यात जाते. जेवायला बसलेल्या माणसाला, घास चावून खा, असं कोणी सांगतं का? ही परभणीची मुलगी, तिला हे माहीत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली, पाट सारला आणि माडीवर निघून गेली. त्या दिवशी पुन्हा काही ती कागदापाशी आली नाही. मी भाकऱ्या केल्या, पण त्या टोपलीतच राहिल्या.

आज या गोष्टीला कितीतरी गणपती होऊन गेले. पण गौरी जवळ आल्या की मला तो आषाढच आठवतो.

आमच्याकडे कोकणात घरोघरची गौर वेगळी. कोणाची तेरड्याची, कोणाची खड्यांची, कोणाची मुखवट्याची. आमच्या घरात ती कागदावर काढायची, आणि काढायची ती घरच्या सवाष्णीने. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ते काम माझ्याकडे होतं. गेरू, हळद, काजळ आणि बांबूची काडी. डोळे म्हणजे दोन मासे, नाक म्हणजे एक रेघ. सकाळी अंघोळ करून बसलं की नैवेद्याच्या आधी गौर तयार. घरात कोणी मला हाक मारायची नाही, अशी ती वर्षातली एकच सकाळ.

मग हे गेले. कुंकवाबरोबर ती काडीही माझ्या हातून गेली. तसं कोणी मला बोललं नाही. बोलायला लागतं थोडंच! माझी चुलत जाऊ कुमुद शेजारीच राहते. तिने आदल्या वर्षी राजापूरच्या बाजारातून छापील गौर आणली आणि आमच्या भिंतीला चिकटवली. गुळगुळीत कागद, गुलाबी गाल, नटीसारखे ओठ. तिसऱ्या दिवशी पऱ्यात सोडली तर मेली बुडेचना. गाल वर करून थेट खालच्या साकवाच्या पुलापर्यंत तरंगत गेली. पोरं हसली, मीही हसले. घरी येऊन मात्र मला रडू आलं.

शर्वरी त्यानंतर लग्न होऊन आली. माझा विद्याधर रत्नागिरीला टेलिफोनच्या ऑफिसात. तिथे त्याची भाड्याची खोली होती. आठ दिवस तिथे राहून ही बाई सरळ माझ्याकडे निघून आली. मला वाटलं, भांडण झालं.

“तसं नाही, आई,” ती म्हणाली. “त्या खोलीत भिंतच नाही.”

“भिंतीवाचून खोली कशी असेल गो?”

“म्हणजे माझ्या मापाची नाही. खिडकी, कपाट, कॅलेंडर. चित्र कुठं लावू?”

नवऱ्यापेक्षा जिला भिंत प्यारी, अशी सून माझ्या नशिबात होती. विद्याधर शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. ती त्याला निरोप द्यायला फाटकापर्यंत जायची आणि परत येऊन पेन्सिलींना टोकं करत बसायची. ब्लेडने, लांबच लांब टोकं. त्या थंडीभर तिने आमच्या परसातला फणस काढला. अख्खा फणस नव्हे, नुसतं खोड, पण तिच्या स्वतःच्या उंचीएवढं. सालीची एक-एक भेग, भेगेतली बुरशी, त्यातून चढणारे ओंबील, त्या तांबड्या मुंग्या. तळहाताखाली कागदाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे काढलेलं पुसलं जात नाही. दिवसाकाठी माझ्या पंजाएवढा भाग व्हायचा, कधी तेवढाही नाही. जेवायला चार हाका माराव्या लागत, आणि यायची ती काळ्या अंगठ्याने भाकरी मोडायची.

“अगो, फोटो का नाही काढत?” कुमुदने एकदा तिला विचारलं. “एका क्षणात झाला असता फणस.”

“फोटो काढला की बघणं संपतंय, काकू,” ती म्हणाली. “मला अजून बघायचंय.”

कुमुदने माझ्याकडे पाहून डोळे फिरवले. मीही फिरवले. पण खरं सांगायचं तर दुपारी ती झोपली की मी माडीवर जाऊन ते खोड बघायची. रोज ज्याच्याखाली केर टाकते तो फणस असा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

चैत्रात मी तिला म्हटलं, “एवढ्या साली काढतेस, तर यंदा गौर तू काढ. त्या छापील बयेला मी आता घरात घेणार नाही.”

“कधीपर्यंत पाहिजे?”

“गणपतीला.”

“मग आजपासूनच बसायला लागेल.”

मी हसले. ती हसली नाही. “मला मनानं नाही काढता येत, आई. समोर दिसायला पाहिजे. हात बघू द्या तुमचे.”

मी हात पदराखाली घेतले. “भलतंच काय! या हातांत बांगड्या नाहीत. गौरीला कसे चालतील?”

“बांगड्या माझ्या बघून काढते. हात तुमचे द्या. माझ्या हातांनी अजून काही केलंच नाही, त्यांत काय काढू?”

आता हातच मागितले म्हटल्यावर काय, देऊन टाकले. मांडीवर हात ठेवून तिच्यापुढे बसायला मी काही रिकामी नव्हते. मी कोकमं फोडायची, तांदूळ निवडायची, आणि ती समोर बसून काढायची. पाऊस लागला तसा माडीवरचा कागद दमट होऊन मऊ पडला. पेन्सिल त्याच्यावर उठेना. तेव्हा मीच म्हटलं, फळी स्वयंपाकघरात आण. चुलीमागच्या भिंतीला आम्ही पावसात कोकमं सुकवतो, तिथे कागदही कोरडा राहील. अशी ती गौर माझ्या चुलीशी आली, आणि सून दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर. आणि मग त्या दिवशी बोलता बोलता माझ्या तोंडून ते बुडवायचं निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेले तर बादलीत कागदाचा कपटा, आणि वर दगड ठेवलेला. मी तिथूनच ओरडले, “शर्वरी! वापरायच्या पाण्यात हे काय कुजत घातलंयस?”

ती धावत आली. कपटा उचलला, खिडकीशी धरून बराच वेळ बघितला आणि चुलीवरच्या दोरीला चिमट्याने लावून टाकला. मग मुकाट्याने पाट घेतला, लुगडं जरा वर सारलं आणि कालच्या ठिकाणापासून काढायला बसली.

मी तिच्याशेजारी बसले. “हे बघ, मी रात्रभर विचार केला. कुमुद बाजारातून छापील आणेल, तीच बुडवू. तुझी राहू दे.”

“मग ही गौर कशी व्हायची?”

“नको होऊ दे. चित्र होऊ दे.”

“चित्रं माडीवर पडलीत माझी. तुम्ही मला गौर काढायला सांगितली ना.”

“सांगितली. पण मला काय ठाऊक, तू एवढा जीव ओतशील! अगो, गणपतीपर्यंत पाच महिन्यांची मेहनत होईल ही. पाण्यात गेली की तुला कसं होईल? मला तर आताच...”

तिने पेन्सिल खाली केली. म्हणाली, “तुमच्या गौरी कशा होत्या, आई? एखादी दाखवा ना.”

“कुठली दाखवू? सगळ्या पऱ्यात गेल्या.”

“एक तरी ठेवावी वाटली नाही?”

मी उठून भाकरी परतली. “वाटून काय करायचं?”

“पाण्यात सोडल्यावर काय व्हायचं त्यांचं?”

“काय व्हायचं! आधी गाल जायचे, हळदीचे. मग तोंड, गेरूचं. डोळे मागे राहायचे, काजळात तेल असतं ना. बाकी सगळं गेलं तरी दोन डोळे बराच वेळ पाण्यात दिसायचे. मग तेही जायचे.”

“तुम्ही तिथंच उभ्या राहायच्या?”

“सगळे आरती म्हणत घरी निघायचे. मी म्हणायची, पाय धुऊन आले.”

ती पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग मान वळवून कामाला लागली. मी मनाशी ठरवून टाकलं, त्या दिवशी काय वाटेल ते होवो, ही गौर मी पाण्यात जाऊ देणार नाही. सासू म्हणून एवढा हक्क तर मला होता.

श्रावणात ती लुगड्याआड शिरली. तोंड काढत होती. पडद्यातून डोकं बाहेर काढायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा आत. मी अळूवड्या वळतेय, तिचं चाललंच आहे.

“काय बघतेस गो एकसारखी?”

“धूर किती झालाय ते बघायले.”

“तोंड कोणाचं काढतेस? देवीच्या फोटोवरून ना?”

“हलू नका... म्हणजे, हलवू नका फळी. जवळ येऊ नका.”

मला वाटलं, कलावंतांची असते एकेक तऱ्हा. मी जवळ गेले नाही.

गौरी यायच्या दिवशी तिन्हीसांजेला विद्याधरने आणि तिने फळी उचलून माजघरात गणपतीशेजारी उभी केली. लुगडं तसंच. कुमुद ताटात हळदकुंकू घेऊन आली, तिच्यामागे आळीतल्या चार-पाच बायका. मी रीतीप्रमाणे मागे, स्वयंपाकघराच्या दारात. शर्वरीने समया सारख्या केल्या आणि लुगडं ओढलं.

विद्याधर एकदम खाली बसला.

“अगो बाई,” कुमुद म्हणाली, “ह्या तर वहिनी!”

मी पुढे झाले. भिंतीला मी उभी होते. पावलं माझी, टाचेच्या भेगांसकट. हात माझे, विळीने कापलेल्या बोटासकट, वर शर्वरीच्या बांगड्या. आणि तोंडही माझंच. गळ्याची वळी, कानाची ओघळलेली पाळी, ओठांभोवतीच्या सगळ्या रेघा. एकही तिने मला माफ केली नव्हती. आणि तरी ती बाई देखणी होती. असं कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. अळूवड्या वळताना माझं तोंड असं शांत होतं का? मला तर वाटे, मी सदा कावलेलीच असते.

कपाळावर मधोमध एक फिकट वाटोळा डाग होता. इतकी वर्षं मेण लावून कुंकू लावलं, तिथली कातडी उजळ राहते. आरशात मी तो डाग बघायचं सोडून दिलं होतं. तिने तो कागद कोरा ठेवून दाखवला होता.

“शर्वरी,” कुमुद म्हणाली, “हे काय केलंस? विध... असं तोंड गौरीला? आता हळदकुंकू कसं लावायचं?”

“मला समोर दिसतं तेच काढता येतं, काकू,” शर्वरी म्हणाली. तीही घाबरली होती, बोटं पदराला पुसत होती. “पावसाळाभर माझ्यासमोर याच होत्या. अन् खरं सांगू का, गौर म्हटलं की मला दुसरं कोणी दिसेचना.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी म्हणणार होते की झाकून टाक, कुमुद, जा बाजारात, अजून दुकान उघडं असेल. पण म्हटलं नाही, कारण ते झाकावं असं मलाच वाटत नव्हतं.

कुमुद ताट घेऊन उभी. तिने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आलो होतो.

“माहेरपणाला आलेल्या गौरीला बिनकुंकवाची ठेवू नये,” ती स्वतःशीच पुटपुटली. पुढे झाली. हळद लावली. मग कुंकवात बोट बुडवून बरोब्बर त्या फिकट डागावर टेकवलं.

माझ्या कपाळाला गार लागलं. खोटं नाही सांगत, लागलं. मी स्वयंपाकघरात पळाले आणि पातेल्यातली खीर ढवळत सुटले.

तिसऱ्या दिवशी विद्याधर म्हणाला, “आई, ही आपण ठेवू. काच लावून घेतो.”

“ठेवूच या,” कुमुदही म्हणाली. “आता काय, वहिनींना बुडवायचं का?”

मी ठरवलंच होतं. शर्वरीच्या मेहनतीसाठी ठरवलं होतं, पण आता त्यात माझा स्वार्थ आला होता. त्या कपाळावर कुंकू होतं. मला ती हवी होती. रोज उठून बघायला हवी होती. मी शर्वरीकडे वळले. “तू म्हण, बुडवायची नाही म्हणून. मग कोणाची छाती आहे?”

ती फळीच्या टाचण्या काढत होती. “आई, तुमची एकही कोणी ठेवली नाही,” ती म्हणाली. “माझीच का ठेवायची?”

“अगो, माझी काय किंमत! गेरूच्या रेघोट्या त्या!”

“डोळे जाईपर्यंत तुम्ही पाण्यात उभ्या राहायच्या,” ती म्हणाली. मग माझ्या हातात कागदाचं एक टोक दिलं. “एकटीनं उचलवत नाही. धरा.”

गौर न्यायची ती काढणारीने, अशी रीत. पण माणसाएवढा कागद, एकटीला कसा पेलणार? मी धरलं. कोणी काही म्हटलं नाही. विद्याधरच्या डोक्यावर गणपती, मागे झांजा, आणि त्यामागे मी नि माझी सून, मधे कागदावरची मी. वाटेत एक हलकी सर आली तशी कुमुद धावत आली आणि तिने कागदावर छत्री धरली. जिला आता पाण्यातच सोडायची तिला पावसाने भिजू द्यायची नाही! आम्ही तिघी एकदम हसलो.

पऱ्याच्या कोंडीत पाणी निवळलं होतं, तळाचे गोटे दिसत होते. गुडघाभर पाण्यात उतरून आम्ही कागद आडवा सोडला, कडांवर चार गोटे ठेवले. कागद भिजला, जड झाला आणि हळूहळू तळाशी जाऊन बसला. कुंकू सुटलं. लाल रेघ पाण्यात लांबत गेली आणि नाहीशी झाली. मी आता गाल जायची वाट बघत होते.

गाल गेले नाहीत. तोंड गेलं नाही. आरती संपली, माणसं घराकडे वळली, कुमुद छत्री मिटून निघाली, आणि मी पाण्याखाली तशीच होते. सगळ्या रेघा जागच्या जागी. डोळ्यांवरून बारीक मासे जात होते आणि डोळे उघडे होते.

“जाईना गो ही,” मी म्हटलं.

“नाही जाणार,” शर्वरी म्हणाली. “शिसं पाण्यात विरघळत नाही. मी बादलीत भिजवून बघितलं होतं.”

मग मला रडू फुटलं. किती वर्षांचं होतं कोण जाणे. ती माझ्या शेजारी पाण्यात उभी राहिली, घरी चला म्हणाली नाही. काळोख पडून काही दिसेनासं होईपर्यंत आम्ही पाय धूत होतो.

दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या बायका धुणं घेऊन कोंडीवर आल्या की म्हणायच्या, वहिनी, तुम्ही आहात हो अजून. नवरात्रात कागद कुजला आणि वाहून गेला. मला वाईट वाटलं नाही.

पुढच्या चैत्रात शर्वरीने नवा कागद आणला. चुलीमागच्या भिंतीला फळी लावली, पेन्सिलींना लांब टोकं केली, समोर पाट मांडला आणि मला म्हणाली, “बसा, आई.”

मी बसले नाही. तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. बांबूच्या काडीपेक्षा ती कितीतरी हलकी होती.

“तू बस,” मी म्हटलं. “हात बघू दे तुझे.”